मागच्या पानावरची चार नावं

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. कौसल्येला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगायला पाहिजे होतं — तिलाच सांगायला पाहिजे होतं — पण ती चार वर्षांपूर्वी गेली. वेळ मिळाला नाही असं म्हणायची सोय नाही. वीस-बावीस वर्षं आम्ही दोघं एकाच ओसरीवर बसून चहा पीत होतो. सांगावंसं कितीदा वाटलं? खरं म्हणजे फारसं वाटलंच नाही. मी ते वाटू दिलं नाही.

गोष्ट एका वहीची आहे. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी.

ती समजायला आमच्याकडची एक रीत माहीत असावी लागते. ब्रह्मपुरीच्या आसपास, सगळ्या धानाच्या पट्ट्यात, लग्न होऊन आलेल्या बाईला कोणी तिच्या नावानं हाक मारत नाही. ती ज्या गावची, त्या गावानं मारतात. चिचगाववाली, पोंभुर्णावाली, सावरटोलावाली. बाई सासरी चाळीस-पन्नास वर्षं राबते आणि मरते, आणि नातवंडांना विचारलं तर त्यांना आजीचं गाव ठाऊक असतं, नाव नसतं.

कौसल्येची आई, सखू, वारली तेव्हा असंच झालं. मातीहून आल्यावर सगळे बसले होते आणि कौसल्येनं सहज विचारलं, मायच्या मायचं नाव काय होतं? कोणाला सांगता आलं नाही. सगळे म्हणाले, पोंभुर्णावाली. कौसल्या अंगणवाडीत होती. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांची नावं रजिस्टरात लिहायची. तिच्या मनाला ते लागलं. दुसऱ्या आठवड्यात तिनं ही वही आणली.

तिची काम करायची पद्धत साधी होती. नाव हरवलं तरी गाव उरतं ना — मग त्या गावाला जायचं. आईला सासरी चिचगाववाली म्हणत, म्हणून ती चिचगावला गेली. तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून कळलं की पोंभुर्णावालीचं नाव भागू. मग पोंभुर्णा. तिथं कळलं की भागूच्या आईला सावरटोलावाली म्हणत. असं एकेक गाव मागं जात ती चालली होती. मी कंडक्टर, एस.टी.त. कुठली गाडी कुठं सोडायची, पुढं जीप मिळेल की पायी जावं लागेल, हे मीच सांगायचो. सुरुवातीला मला बरं वाटायचं.

मग ते बदललं. कधी बदललं ते मला नेमकं माहीत आहे.

ती जिथं जाई तिथं तिला ओळखीचं कोणी नसायचं, आणि अर्ध्या तासात सगळं गाव तिचं व्हायचं. आपल्या पोरीच्या पोरीची पोर आली म्हणून बायका गोळा व्हायच्या. पाय धुवायला पाणी, नवी चोळी, निघताना पदरात लाखोळीची डाळ. परत येताना गाडीत ती खिडकीशी बसायची आणि तिचा चेहरा — मी लग्नात पाहिला नव्हता असा. मला म्हणायची, "अजी, मले अजून एक माहेर भेटलं."

एका बाईला किती माहेरं लागतात? मी मनात मोजायचो. मला एकही नव्हतं.

माझे वडील बांबूच्या कूपावर, जंगलातल्या तोडीच्या मुक्कामावर, मोठे झाले. कुठून आले, कोणाचे, कोणी त्यांना सांगितलं नाही आणि मी लहान असतानाच ते गेले. आई जनाबाई. तिला तिच्या आईबापांचं काही आठवत नव्हतं; ती कूपावरच्या एका कुटुंबात वाढली होती. आडनाव मला शाळेतल्या मास्तरांनी दिलं. याचं मला आयुष्यभर काही वाटलं नव्हतं. तिकिटं फाडली, घर बांधलं, पोरीला शिकवलं. मागं काय आहे हे बघायची गरज पडली नाही — वही घरात येईपर्यंत.

पोंभुर्ण्याला तिच्यासोबत मी गेलो होतो. ओसरीवर एक म्हातारा बसला होता. जयभीम झाला, पाणी झालं, आणि त्यानं मला विचारलं, "जावईबापू, तुमचं मूळ गाव?"

"ब्रह्मपुरी."

"ते हो. त्याच्या आधी?"

मी काही बोलायच्या आत कौसल्याच हसून म्हणाली, "त्याईचं काही माहीत नाई जी."

म्हातारा हसला. आतल्या बायका हसल्या. कोणी म्हणालं, "बिनमुळाचा जावई केला का मंग?" — आणि परत हसले. थट्टाच होती. जावयाची थट्टा करायचीच असते. कौसल्येच्या मनात काही वाईट नव्हतं. तिनं भाजीत मीठ नाही असं सांगावं तसं ते सांगितलं. पण मी त्या दिवशी ताटावरून अर्धपोटी उठलो, आणि तिला ते कळलंही नाही.

तेव्हापासून मला त्या वहीचा राग. बाईमाणसाला दुसरा पुरुष आवडला तर नवरा जळतो, हे जगाला समजतं. मी मेलेल्या म्हाताऱ्यांवर जळत होतो. ज्यांना मी पाहिलं नाही, ज्यांची नावंसुद्धा कोणाला माहीत नव्हती, त्या बायका माझ्या बायकोला माझ्यापासून नेत आहेत असं मला वाटायचं. रविवारी ती निघाली की मी मुद्दाम सांगायचो, आज त्या रस्त्याची गाडी नाही. असायची. सावरटोल्याला जीप जात नाही म्हणालो. जायची. तरी ती गेली, आणि तिथं मात्र तिला काही मिळालं नाही. चार घरांचा टोला, ते कुटुंब कधीच उठून गेलेलं. सावरटोलावालीचं नाव सांगणारं कोणी राहिलं नव्हतं.

एक सोडून. भागूबाईची धाकटी बहीण जिवंत होती — कौसल्येची मावसआजी — एटापल्लीकडे मुलाजवळ राहत होती. तिच्या आईचं नाव तिला माहीत असणारच. कौसल्या उन्हाळ्यात तिच्याकडे जाणार होती. तेवढ्यात आमची मुलगी बाळंतपणाला घरी आली, आणि प्रज्ञा झाली, माझी नात. ती आठवड्याची होती तेव्हा निरोप आला: म्हातारीचं खरं नाही, कौसल्येला बोलावते आहे.

ओल्या बाळंतिणीला सोडून ती कशी जाणार? तिनं वही माझ्या हातात दिली. "तुमी जा. जे सांगतीन ते लिवून आणा. एकही नाव सोडू नोका."

मी गेलो. गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, एटापल्ली, आणि पुढं जीपनं.

म्हातारी अंगणात बाजेवर होती, अंगावर वाकळ. डोळ्यांनी दिसत नव्हतं. तेंदूपत्त्याचे दिवस, मुलगा-सून दोघंही पानांच्या कामावर गेलेले. अंगणात आम्ही दोघंच. मी कोण ते सांगितलं. तिनं माझा हात चाचपून पाहिला.

"कौसल्या नाई आली काऊन?"

"लेक बाळंत झाली जी. घर सोडता येत नाई."

"पोरगी का पोरगा?"

"पोरगी."

"मंग बरं झालं," ती म्हणाली. "रोवायले हात झाले."

मला समजलं नाही. तेव्हा तिनं सांगितलं. त्यांच्या घरच्या बायकांची एक रीत होती. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, पहिल्या दिवशी घरातली मोठी बाई आधी बांधीत, धानाच्या चिखलात, उतरायची. पहिलं रोप आपल्या आईच्या नावानं लावायची, दुसरं तिच्या आईच्या, तिसरं तिच्याही आईच्या, आठवेल तिथपर्यंत. नाव मोठ्यानं घ्यायचं आणि रोप चिखलात दाबायचं. पुरुष तोवर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, थांबायचे.

"लिवून कायले ठेवा लागते?" ती म्हणाली. "हातात राह्यते ते."

आणि तिनं वाकळीखालून हात काढला. अंगठा आणि दोन बोटं जुळवली, जसं रोप धरतात, आणि वाकळीवर दाबली.

"धुरपता. माही माय."

हात एक वीत पुढं सरकला.

"मैना. तिची माय."

"सोनी. मैनाची माय."

"वंजे. सोनीची माय. एटापल्लीच्या पलीकडची, माडिया. पायी आल्ती. आपली भाषा नोती येत तिले. रोवणा येत होता."

चार नावं. वही माझ्या मांडीवर होती, पेन खिशात. मी पेन काढलं नव्हतं अजून — काढणारच होतो. खरंच काढणार होतो का? आज मला सांगता येत नाही. कारण तेवढ्यात ती म्हणाली, "आता तुही सांग, जावई. तुह्या मायचंही रोवू."

"जनाबाई," मी म्हणालो.

तिनं बोटं वाकळीवर दाबली. "जनाबाई." हात पुढं सरकला आणि वर थांबला. "तिची माय?"

 तिला वाटलं मी आठवतो आहे. ती थांबून राहिली. हात तसाच हवेत, तीन बोटं जुळलेली, रोप नसलेली. किती वेळ गेला असेल? अंगणात कोंबड्या फिरत होत्या.

"नाई माहीत जी," मी म्हणालो.

"राहू दे मंग," ती म्हणाली, आणि हात वाकळीखाली घेतला.

तिनं चांगल्या मनानंच म्हटलं. पोंभुर्ण्याच्या लोकांसारखी हसली नाही. पण त्या 'राहू दे'नं माझ्या आत जे पेटलं ते हसण्यानं पेटलं नव्हतं. आंधळ्या, मरायला टेकलेल्या बाईकडे चार पिढ्या बोटांत होत्या. माझ्याकडे एक. मी निघताना ती म्हणाली, "कौसल्याले सांग, यंदा पह्यलं रोप माह्या नावाचं लाव म्हणा. मी काई तोवर राह्यत नाई."

सबंध रस्ता वही मांडीवर होती. कंडक्टरला थांबे ओळीनं पाठ असतात. ती सवय जात नाही. गाडी आलापल्ली सोडून आष्टीकडे निघाली आणि माझ्या डोक्यात थांब्यांच्या जागी ती नावं येऊ लागली. धुरपता, मैना, सोनी, वंजे. मी एक अक्षर लिहिलं नाही.

घरी पोचलो तेव्हा कौसल्या पाय पसरून बाळाला तेल लावत होती. आधी मला पाणी घ्यायला सांगितलं. मग विचारलं, "काय म्हणत होत्या?"

"काई आठवत नाई त्याईले."

"मायचं नाव?"

"तेही नाई."

ती तेल लावत राहिली. मग म्हणाली, "माही याद तरी केली का?"

आणि मी म्हणालो, "नाई."

हे 'नाई' कशासाठी होतं? नावं दडवायला त्याची गरज नव्हती. ते नुसतं दुखवायला होतं. तिला एक माहेर कमी मिळावं म्हणून.

पुढच्या आठवड्यात म्हातारी गेल्याचं कळलं. कौसल्येनं वहीत तारीख न घालता लिहिलं, 'पुढं माहीत नाही. मावसआजीला आठवत नाही.' आणि मला म्हणाली, "चूक माहीच हाये. मीच आधी जायले पाह्यजे होतं." मी ओसरीवर होतो. ऐकलं. तिनं वही पेटीत ठेवून दिली, आणि रविवारी ती घरी राहू लागली.

मला वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटतं का? नाही वाटलं. बरेच दिवस मला बरं वाटत होतं.

मी काही वर्षं स्वतःला एक कारणही सांगत होतो — की वंजे माडिया होती, दुसऱ्या समाजाची, कौसल्येला ते कसं वाटलं असतं. हे खोटं आहे. तिला आनंदानं वेड लागलं असतं. ती दुसऱ्या दिवशी एटापल्लीची गाडी धरून वंजेचं गाव शोधायला निघाली असती. मला हे तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच सांगितलं नाही.

पण माझी कबुली एवढीच असती तर मी कदाचित ती सोबत घेऊन गेलो असतो. पुढचं जास्त वाईट आहे.

तीन-चार वर्षांनी गडचिरोलीला एक लग्न होतं. विहाराच्या आवारात पंगती बसल्या होत्या. शेजारी एक रिटायर मास्तर होते, मोकळे, बोलके. त्यांनी तोच प्रश्न विचारला, मूळ गाव कोणतं. आणि मी — घास हातात असताना — म्हणालो, "आमची मूळ आजी एटापल्लीपलीकडची, माडिया. वंजे नाव. तिची लेक सोनी, तिची मैना, तिची धुरपता. धुरपताची लेक माझी आई, जनाबाई."

किती सहज निघालं. इतकी वर्षं डोक्यात घोळून ती नावं माझ्या जिभेला माझीच वाटायला लागली होती.

मास्तरांनी कौतुकानं मान हलवली. आणि मागून कौसल्येचा आवाज आला. ती वाढायला उभी होती, मठ्ठ्याची बादली घेऊन. "अजी, हे मले कधी नाई सांगितलं तुमी?"

तेव्हाही वेळ होती. मी म्हणालो, "आता आता आठवलं. मायनं लहानपणी सांगितलं होतं."

तिला माझी शंका येईल असं मला वाटलं. तिला शंका येणं माहीत नव्हतं. घरी आल्यावर तिनं पेटीतून वही काढली, उलटी केली आणि मागच्या पानापासून लिहायला घेतली. "तुमचं मागून सुरू करू," म्हणाली. "मधे कुठी तरी भेटूनच जाऊ आपण." तिच्या बारीक अक्षरात तिनं माझं नाव लिहिलं, त्याच्या वर जनाबाई, आणि जनाबाईच्या वर आपल्याच आज्यांची चार नावं. मी लाइटच्या खाली धरून स्पेलिंग तपासावं तसं पाहिलं आणि म्हणालो, बरोबर आहे.

आणि मी तिला ती रीतही दिली. माझी म्हणून. रोवण्याच्या पहिल्या दिवसाची.

त्यानंतर दरवर्षी ती भावाच्या शेतावर जायची. साडी खोचून बांधीत उतरायची आणि पहिली रोपं माझ्या आईच्या नावानं, माझ्या आज्यांच्या नावानं लावायची. जनाबाई, धुरपता, मैना, सोनी, वंजे. मी धुऱ्यावर उभा. तिची वहिनी एकदा म्हणाली, "आमच्या नणंदबाई सासूच्या मायलेही सोडत नाई." ती हसून म्हणाली, "माह्याच नाई भेटल्या तं त्याईच्या तरी रोवतो."

तेव्हाही मला हेवा वाटला. तुम्हाला खरं वाटणार नाही. नावं माझी झाली होती, रोपं माझ्या नावावर लागत होती, आणि तरी ती 'वंजे' म्हणायची तेव्हा तिच्या आवाजात जे यायचं ते माझ्या आवाजात कधी आलं नाही. मी चोरलेलंही तिच्याच हाती जास्त शोभत होतं. त्या वर्षीचं पहिलं रोप जिच्या नावाचं लावायचं होतं, त्या मावसआजीचं रोप मात्र कधीच लागलं नाही. तो निरोप माझ्याकडेच राहिला.

या वर्षी प्रज्ञा आली होती. ती आता पुण्याला नोकरी करते. पेटी उघडली, वही काढली, दोन दिवस तिच्यातच होती. मग माझ्याजवळ येऊन बसली. "आबाजी, तुमी तर भारीच निघाले. आजीची लाइन पहा, सखू, भागू, खतम. अन् तुमची पहा, कुठल्या कुठी गेली." कौसल्येच्या भावाच्या शेतात रोवणा सुरू होता. ती पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरली आणि वहीत पाहून मोठ्यानं नावं घेतली. तिच्या आईच्या आईच्या आईच्या आयांची नावं. तिला सरळ आईकडून आलेली. ती म्हणत होती, आबाजीच्या आज्या.

मी धुऱ्यावर उभा होतो. 

गेल्या आठवड्यात तिनं फोनवर एक तक्ता पाठवला. झाडासारखा काढलेला. माझ्या बाजूची फांदी वरपर्यंत गेलेली, कौसल्येच्या बाजूची खुंटलेली, टोकाला लिहिलेलं: माहिती नाही. म्हणाली, हे फ्रेम करून आईला देते. मी तो तक्ता मोठा करून पाहिला. आणि सांगायला लाज वाटते — माझी फांदी लांब दिसली म्हणून अजूनही, या वयात, मला क्षणभर बरं वाटलं.

म्हणून हे लिहिलं. कागद वहीतच ठेवतो आहे. प्रज्ञा दिवाळीला येईल तेव्हा तिच्या हातात वही जाईल.

वहीत आणि तक्त्यात अशी दुरुस्ती करावी. मागच्या पानावर जनाबाईच्या वरची चार नावं माझी नाहीत. ती पहिल्या बाजूला, भागूच्या वर लिहावीत. मावसआजीला सगळं आठवत होतं. तिनं कौसल्येची आठवण काढली होती, ती का आली नाही हे सगळ्यात आधी विचारलं होतं, आणि पहिलं रोप आपल्या नावाचं लावावं असा निरोप कौसल्येसाठी दिला होता.

कौसल्येची आई सखू. सखूची आई भागू. भागूची आई धुरपता. धुरपताची मैना. मैनाची सोनी. सोनीची वंजे, एटापल्लीच्या पलीकडून पायी आलेली.

माझी आई जनाबाई. तिच्या वर काही लिहू नये. तिथलं मला माहीत नाही.